नऊ नंबरचा तंबू

जेवणं उरकून सगळे आपापल्या खोल्यांत गेले आहेत आणि शालन पलंगाच्या कडेला कलंडते. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ती स्वतःला बजावते. बाहेर भर दुपार आहे. कोचावर बसून सून स्नेहल मोबाइलवर कुणाशी तरी हळू बोलतेय. बोलता बोलता ती समुद्राकडं चालत निघाल्यासारखा तिचा आवाज लांब लांब जातो.

कारखान्याचं कुटुंब शिबिर आहे हे. शालनचा नवरा तिथं तीस वर्षं फिटर होता. आता मुलगा रणजित आहे, म्हणून ती आलीय. शिबिर आपलं म्हणायचं, आहे रिसॉर्ट. मनगटाला निळी पट्टी बांधतात आणि शेजारच्या खोलीत कोण उतरलंय ते पाच दिवसांत कळत नाही.

"शालन, शिट्टी झाली. ऊठ की."

दारात जुलेखाभाभी उभी आहे. फौंड्रीतल्या मोल्डरची बायको, शालनची पस्तीस वर्षांची मैत्रीण. मागच्या श्रावणात ती वारली. शालनला हे पक्कं ठाऊक आहे, तरी भाभीला बघून तिला नवल वाटत नाही. नवल एवढंच वाटतं, की भाभी तिशीतली दिसतेय आणि आपले गुडघे मात्र आजचेच आहेत.

ती उठून दाराबाहेर पडते, तर व्हरांडा नाहीच. खाकी तंबू आहे, पायाखाली वाळू, सुरूच्या बुंध्याला ताणून बांधलेला दोर. कापडावर चुन्यानं नऊचा आकडा काढलाय. शिबिराचे साहेब पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठ्या काढायचे आणि ज्या दोन कुटुंबांना सारखा नंबर येईल, त्यांना मिळून एक तंबू. मधे चादरीचा पडदा.

"पहिल्या वर्षी तू रडली होतीस," भाभी म्हणते.

"घरची आठवण आली होती."

"खोटं नको बोलू. नवऱ्याला म्हणालीस, तंबू बदलून घ्या, मी यांच्यात नाही राहायची."

शालनचे कान तापतात. "तू ऐकलंस?"

"मधे चादर होती गं. भिंत नव्हती."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तिसऱ्या दिवशी तुझ्या रणजितला ताप भरला. त्याला मांडीवर घेऊन बसायचं, का तुझ्याशी भांडायचं?"

दोघी चुलाणापाशी उभ्या आहेत. शंभर माणसांचा भात रटरटतोय, आज नऊ नंबरची पाळी. पलीकडं बायका चपात्या लाटतायत, हातपंपाला बादल्यांची रांग लागलीय, पुरुषांची रस्सीखेच चाललीय आणि कुणाचं तरी पोर दुसऱ्याच कुणाच्या तरी आईकडून मार खातंय. शालनला इतकं बरं वाटतं, की तिला रडू येतं. झाऱ्यानं भात हलवताना वाफ डोळ्यांत जाते. ती पदरानं डोळे पुसते, तोवर तंबू गेलेले आहेत. विटांच्या खोल्या आहेत, ओळीनं, प्रत्येकीला कडी आणि छताला पंखा. जेवण ठेकेदाराचं.

"यंदापासून चिठ्ठ्या बंद," कुणीतरी ओरडून सांगतं. "ज्याला जो शेजार हवा, त्यानं तो मागून घ्यावा."

"कुणी बंद केल्या?" भाभी विचारते.

"अर्ज गेला होता." शालन खाली बघते. "मीही सही केली त्यावर."

"मीही केली की! उकाड्यानं जीव जायचा तंबूत. पंखा हवा होता मला." भाभी खळखळून हसते. हसतानाच तिला खोकला लागतो आणि थांबत नाही.

खोल्यांची ओळ लांबत जाते. जमिनीवर फरशी येते, फिनेलचा वास येतो. हा मिरजेचा दवाखाना आहे. शालन इथं कधी आलेली नाही, तरी भाभीची खोली कुठली हे तिला बरोबर कळतं. तिचे पाय जागच्या जागी थांबतात.

"चार महिने होते मी इथं," भाभी म्हणते. आता तिचा चेहरा बारीक झालाय.

"माहितीय."

"आली नाहीस."

"आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तुला तशी बघायची भीती वाटली, भाभी."



"मला लागलं ते," भाभी म्हणते. "दाराकडं बघत पडायची मी. दुसरं कोण आलं की राग यायचा त्याचाच."

"माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला."

"मग नको म्हणू. बस खाली."

शालन बसते, तर फरशी नाही, वाळूच आहे, ओली आणि गार. समुद्र अगदी जवळ आलाय. भाभी तिच्या मागं गुडघ्यांवर बसते आणि तिचा अंबाडा सोडते.

"केस कुठं गेले गं सगळे?"

"वयाबरोबर गेले."

"असू दे. चार पेडांना पुरतील." भाभीची बोटं झरझर चालतात. "माझी लेक शबाना एकटी पडलीय. तिच्याकडं जा."

"काय बोलू तिच्याशी?"

"बोलायचं काय? दोन दिवस राहा. वेगळी खोली देईल ती तुला, घेऊ नको. तिच्याच खोलीत नीज."

शालन वळून बघायला जाते. "हलू नको," भाभी म्हणते, "सुटेल."

"आई, चहा मागवू का?"

पडद्याच्या फटीतून तिरपं ऊन आत आलंय. शालन उठून बसते. स्नेहल कपाटाशी उभी आहे, तिच्याकडं बघत.

"रणजितला सांग, जाताना मला मिरजेत सोड म्हणावं. शबानाकडं राहणार आहे मी."

"सांगते." स्नेहल जवळ येते. "आई, किती सुरेख वेणी घातलीत! चार पेडांची ना? मलाही शिकवा."

शालनचा हात मानेवर जातो. वेणी बारीक आहे, पण घट्ट, शेवटपर्यंत.

"मला नाही गं येत," ती म्हणते. "मला ती कधीच जमली नाही."