महादेवीअक्कांच्या माहेरचा रिवाज

महादेवीअक्कांचं माहेर बिदरच्या पलीकडे कुठंतरी आहे. नक्की कुठं, ते केजमध्ये कुणालाच माहीत नाही, आणि अक्कांच्या सगळ्या कर्तृत्वाचा पाया हाच आहे. माहेर लांब असण्याचा एवढा फायदा उठवलेली दुसरी बाई मी पाहिली नाही.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठी अर्धीमुर्धीच यायची. आज बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर त्यांचे यजमान ईश्वरप्पा, म्हणजे आमचे आप्पा, बसतात आणि दुकान अक्का चालवतात. एकुलता एक वीरेश पुण्याला नोकरीला. अक्का उंचीनं बेताच्या, पण आवाज असा की बसस्टँडवरच्या कंडक्टरनं गप्प बसावं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, कमरेला चाव्या आणि दर गुरुवारी अंगावर पोपटी साडी. आमच्या सखी सेवा क्लबच्या सगळ्याजणी पोपटीच नेसतात. हा रंग सेवेचा आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं. खरं म्हणजे आप्पांच्या दुकानात त्या रंगाचा अख्खा गठ्ठा पडून होता आणि तो कुणी फुकटही नेत नव्हतं.

मी क्लबची सचिव. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे मला खोटं चालत नाही. अक्कांची आणि माझी मैत्री कशी टिकली ते देवालाच ठाऊक.

क्लब काढला तेव्हा आम्ही रीतसर कामाला लागलो. खेड्यांत जाऊन आरोग्यावर भाषणं दिली. बाया मन लावून ऐकायच्या, मान डोलवायच्या, पोहे खायच्या आणि घरी जाऊन कालपर्यंत करत होत्या तेच करायच्या. रक्त तपासायला तर एकही बोट पुढं येईना. मी म्हणाले, तक्ते मोठे करून घेऊ.

"बाई, तक्त्यानं काय होत न्हाई," अक्का म्हणाल्या. "ह्या डॉक्टरचं ऐकत न्हाईत, कलेक्टरचं ऐकत न्हाईत. सासूच्या सासूनं काय केलतं ते मात्र डोळे झाकून करतात."

पुढच्याच संक्रांतीला आमच्या हळदीकुंकवाच्या दारात एक नर्स सुई घेऊन बसली. वाण घेण्याआधी बोटातला एक थेंब द्यायचा, याला रक्तटिळा म्हणतात, आमच्या माहेरी त्याशिवाय हळदीकुंकू होतच नाही, असं अक्कांनी जाहीर केलं. बायांनी पटापट बोटं पुढं केली. डाव्या हाताचं चालेल का, असंही एकीनं काळजीनं विचारलं. मग निघालं लक्ष्मीचं दुसरं पाऊल. नवी सून माप ओलांडून घरात आली की महिन्याच्या आत तिनं बँकेत स्वतःच्या नावाचं खातं काढायचं. आता गावोगावच्या सासवा सुनांना नटवून बँकेत आणतात, आणि सर्व्हर बंद आहे म्हटलं की मुहूर्त टळतोय म्हणून साहेबावर खेकसतात.

"अहो, पण हे खोटं आहे," मी म्हणायची.

"बाई, समदेच रिवाज कुणीतरी पयल्यांदा काढलेलेच असतील ना?"

मग मला आणखीच राग यायचा.

दोन वर्षांमागं दसऱ्याच्या तोंडावर भिवराबाई दुकानात आल्या. त्या ऊसतोडीला जाणाऱ्या. दरवर्षी निघण्याआधी अक्कांकडून सतरंज्या आणि जाडीभरडी लुगडी न्यायच्या. त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्या गावीच राहणार होत्या, मुलगा शहादेव आणि सून मंजुषा जाणार होते. मंजुषा सोबतच होती. सातवा महिना. बाकावर बसली ती उठायचं नावच घेईना. पायांना सूज होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, रक्त कमी आहे, बीपी वाढतंय, बाळंतपण दवाखान्याजवळच झालं पाहिजे.

"मग उसाच्या फडात कावून धाडताय तिला?" अक्कांनी विचारलं.

"फडात कोयता म्हंजे दोघांची जोडी, अक्का. ही न्हाई गेली तर माझ्या लेकाचा अर्धा कोयता कोन ठिवून घ्यायलंय?"

आता भाषण येणार म्हणून मी कान टवकारले. पण अक्का सतरंजीची घडी घालत नुसतं म्हणाल्या, "पोरीचं डोहाळजेवण झालं का?"

"आमाला कुठलं आलंय डोहाळजेवण."

"मग गुरुवारी या. क्लब करनार हाय."

त्या गुरुवारी ईश्वरप्पांना स्वतःच्या दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. छताच्या लोखंडी तुळईला झोपाळा टांगला, झेंडूच्या माळा सोडल्या, थर्माकोलचा चंद्र लटकवला. पोपटी साड्यांचा असा गलका उठला की टॉवेल घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक पुरणपोळी खाऊनच बाहेर पडलं. टॉवेल ते विसरलंच. मंजुषाला हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला झोके देत होतं आणि ती इतकी हसत होती की आम्हालाही हसू आवरेना. पेढा की बर्फी ओळखायला दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या, तर दोन्हींत शेंगदाण्याचे लाडू निघाले. रक्त वाढायला बरे, अक्का म्हणाल्या. मग आम्ही सातजणींनी तिची ओटी भरली.

"आता शेवटचं," अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "सातजणींनी ओटी भरली की त्या बाईनं बाळंत होईस्तोवर तालुक्याची शीव ओलांडायची न्हाई. आमच्या माहेरी फार कडक पाळतात."

हा हिशेब त्यांनी पक्का केला होता. गावाची शीव म्हटलं असतं तर पोर गावात अडकली असती आणि दवाखाना गेला असता. जिल्ह्याची म्हटलं असतं तर ती जिल्ह्यातल्याच एखाद्या कारखान्यावर गेली असती. आमच्यातली सर्वांत लहान रुद्राणी म्हणाली, "असं कुठं असतं?" मी तिला जोरात चिमटा काढला. का काढला, ते मला आजही कळलेलं नाही.

भिवराबाईंनी अक्कांकडं नीट निरखून पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. आमच्यात बी एक रिवाज हाय. ज्यांनी ओटी भरली, बाळंतपन त्यांनीच करायचं. पोर त्यांच्याच घरी राहती."

सगळ्या पोपटी साड्या एकमेकींकडे पाहू लागल्या. अक्कांचं तोंड उघडं ते उघडंच. शेवटी आवाज आला तो गल्ल्यामागून.

"रिवाज म्हणल्यावर पाळाया पायजे," ईश्वरप्पा म्हणाले. "वीरेशची वरची खोली मोकळीच हाय."

"आन शहादेवचा कोयता?" अक्कांनी विचारलं.

"मी जाते की," भिवराबाई म्हणाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

मंजुषा वरच्या खोलीत राहिली आणि आमची सगळ्यांची धांदल उडाली. डॉक्टरीणबाईंनी अंडी सांगितलेली, अक्कांच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. म्हणून मी माझ्या घरी उकडायची आणि मागच्या दारानं पदराखालून न्यायची. आप्पा ते रोज बघायचे आणि रोज वर्तमानपत्र तोंडापुढं धरायचे. मंजुषानं महिनाभरात कापड फाडायला शिकून घेतलं. गिऱ्हाइकं भावासाठी अक्कांना सोडून तिच्याशी घासाघीस करू लागली.

मार्गशीर्षात एका दुपारी कळा सुरू झाल्या. केजच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, बीपी चढलंय, सिझर लागेल, अंबाजोगाईला न्या. अजून वेळ आहे, पण घालवू नका. रुग्णवाहिका दारात लागली. मंजुषानं खाटेची दांडी घट्ट धरली.

"मी न्हाई जात. अंबाजोगाई दुसऱ्या तालुक्यात हाय."

मी अक्कांकडे पाहिलं. एवढा पक्का हिशेब केला, त्यात अंबाजोगाईच राहून गेली होती. मी गणिताची बाई, माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. अक्कांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

"मंजुषा, लेकी, तो रिवाज मी काढलेला. खोटा हाय तो," त्या म्हणाल्या.

"अक्का, मला न्यायचं म्हणून खोटं बोलू नका. माझ्या लेकराला काई झालं तर?"

"खरंच खोटा आहे गं," मी म्हणाले.

"बाई, तुमी तर मास्तरीण," मंजुषा म्हणाली, आणि माझ्याकडे इतक्या दुःखानं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा मी अक्कांच्या बाजूनं बोलले, तेही खरं, आणि खोटारडी ठरले.

शेवटी शहादेवला फोन लावला. तो फडात होता. त्यानं फोन आईकडं दिला. अक्कांनी रडकुंडीला येत सगळं सांगितलं आणि फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे ऊस सोलल्याची सळसळ चालू होती. मग भिवराबाई बोलल्या.

"मंजुषा, नीट ऐक. ओटी भरनारी पायी पुडं चालली तर तिच्या मागनं शीव ओलांडता येती. दोष लागत न्हाई. माझ्या आजेसासूनं सांगितलेलं. लई जुना रिवाज हाय." आणि फोन बंद झाला.

मंजुषानं दांडी सोडली. अक्का माझ्या कानात म्हणाल्या, "बाई, ही माझी बी गुरू निघाली."

अंबाजोगाईच्या रस्त्यावर तालुक्याच्या हद्दीच्या दगडापाशी रुग्णवाहिका थांबवली आणि अक्का खाली उतरल्या. ड्रायव्हरला काही कळेना. "तुमी हळू मागं या," एवढंच त्याला सांगून, निऱ्या हातात धरून, त्या भर रस्त्यात चालू लागल्या. चालल्या कसल्या, पळायलाच लागल्या. मागं दिवा फिरवत रुग्णवाहिका, तिच्यामागं उसाचा ट्रॅक्टर, त्यामागं एसटी. कुठल्या तरी देवीची मिरवणूक असावी म्हणून एसटीतल्या दोघातिघांनी हात जोडले. मंजुषा कळांमधून मान वर करून काचेतून खात्री करून घेत होती.

"दगड गेला का, बाई?"

"गेला, गेला. झोप आता."

मुलगी झाली. दोघी सुखरूप. आप्पांनी त्या संध्याकाळी दुकानात येईल त्याला बर्फी वाटली आणि पाळण्याची झोळी शिवायला पोपटी कापड फाडलं. गठ्ठा अजून संपलेला नव्हता.

हंगाम संपल्यावर भिवराबाई आल्या आणि सून-नातीला घेऊन गेल्या. त्या फोनबद्दल त्या बोलल्या नाहीत, अक्कांनीही विचारलं नाही.

मागच्या दसऱ्याला त्या पुन्हा आल्या. मंजुषा होती, कडेवर पोर होती, आणि सोबत ऊसतोडीच्या टोळीतल्या दोन पोटुश्या सुना, त्यांच्या सासवांसह. दोघींची ओटी भरायची आहे, असं भिवराबाईंनी सांगितलं. पण एका सासूच्या मनात शंका होती.

"खरंच जुना हाय का हा रिवाज? आमी तर कदी ऐकला न्हाई."

अक्कांनी माहेराचं नाव काढायला तोंड उघडलं, पण त्याआधी भिवराबाई बोलल्या.

"लई जुना हाय. म्या पाळला न्हाई. आसंच दिस भरत आलते तवा गेलते फडात. माझं पयलं लेकरू तिथंच उसाच्या पाचटात पुरून आले."

सतरंजीचा भाव विचारावा तशा आवाजात त्या हे म्हणाल्या. नात त्यांच्या हातातल्या बांगड्यांशी खेळत होती. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मंजुषालाही नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून ते दिसलं.

शंका काढणाऱ्या सासूनं आपल्या सुनेच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

"मग कवा भरायची ओटी?" तिनं विचारलं.

"पन आता वरची खोली एकच हाय," गल्ल्यामागून आप्पा म्हणाले.

"दुसरी माझ्याकडं राहील," मी म्हणाले. "रिवाजच आहे तसा."

भिवराबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मंजुषानं पोर माझ्या मांडीवर दिली, आणि अक्का डोळे पुसत खण काढायला उठल्या.