सांधेवाल्याची तोंडी परीक्षा

कर्जत स्टेशनावरच्या साहेबाला मराठी येत नव्हतं, याचा मला राग नाही. राग याचा, की त्याला ऐकू न आल्याचं खापर आमच्या अख्ख्या तालुक्यावर फुटलं आणि ते फोडायला लेखणी माझी वापरली गेली.

मी तिथे कारकून होतो. साहेब सांगे, मी सुवाच्य इंग्रजीत उतरवीत असे. 'या तालुक्यात सांधेवाल्याच्या कामास लायक माणूस मिळत नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा उतरवलं, की पुढे पुढे ते डोळे मिटूनही सरळ रेषेत येई. मग लांबून कुठून तरी माणूस आणला जाई. पहिल्याच पावसात त्याला हिवताप धरी आणि भात कापणीला यायच्या आत तो पळालेला असे.

तोवर सांधा कोण फिरवी? भिवपुरीकडचा एक शेतकरी, रुळांवर खडी टाकणाऱ्या टोळीतला मजूर. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन लावतात. ते एका रुळावरून दुसऱ्यावर घेण्याचा जो सांधा, तो या गड्याला घरच्या फाटकासारखा ओळखीचा. नव्या सांधेवाल्याला काम शिकवी हाच, आणि शिकवून झालं की परत घमेलं उचली! जागा त्याला मिळत नव्हती, कारण परीक्षेत तो नापास.

परीक्षा कसली, ते ऐका. उमेदवार सांध्यापाशी उभा. साहेब शंभर पावलांवर, फुसफुसणाऱ्या इंजिनाशेजारी खुर्ची टाकून. साहेब ओरडे, "सांदा लगा?" लागला असला तर आमचा गडी म्हणे, "हाय!" नसला तर म्हणे, "नाय!" वाफेच्या त्या गदारोळात दोन्हींतून पोचे ते फक्त "आय!" साहेब कपाळाला हात लावून मला सांगे, "लिहा. यांची जीभ रेल्वेच्या कामाची नाही."

"साहेब, त्याच्या हाती बावटे द्या की," मी एकदा म्हणालो. "लाल आणि हिरवा. बोलायचं कामच नको."

"बावटे पास झालेल्या माणसाला मिळतात."

वाचकहो, यात मी एक अक्षर पदरचं घातलेलं नाही.

त्या वर्षी टोळी मोडायचा हुकूम आला. सांधेवाल्याची जागा मिळाली तर गड्याला घरी राहता येणार होतं; नाहीतर अंथरुणाला खिळलेल्या बापाला बायकोवर टाकून मुंबईची गिरणी गाठायची. मी त्याला वखारीमागे शिकवायला बसवलं.

"म्हण, आहे."

"आ-हाय."

"अरे, आ-हे! बरं, आता नाही."

"ना-हाय."

"वा! आता तर दोन्हींत हाय आलं!"

भाकरी घेऊन आलेली त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. "मास्तर, लग्नाला होकार दिला तवा बी असंच. आमच्या बाला वाटलं, नाय म्हनले."

"तू गप गं! हितं माजी नोकरी अडकलीय."

परीक्षेच्या दिवशी त्यानं दांडा ओढला, पण फटीत खडीचा दगड अडकला आणि रूळ पुरता सरकेना. साहेब ओरडला, "सांदा लगा?" गडी माझी सगळी शिकवणी विसरून जीव तोडून ओरडला, "नाय! लागला नाय!" साहेबाला या खेपेस ते 'हाय' वाटलं; त्यानं प्रसन्न चेहऱ्यानं मान डोलावली आणि ड्रायव्हरला हात केला. इंजिन निघालं!

गड्यानं डोक्यावरचं लाल मुंडासं ओढलं आणि दोन्ही हातांनी फडकवलं. लाल दिसताच ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, इंजिन सांध्याच्या बरंच अलीकडे, साहेबाच्या पुढ्यातच किंचाळत थांबलं, वाफेचा लोट साहेबावर आला आणि साहेब खुर्चीसकट आडवा! मला इतका आनंद झाला, की त्याला उठवायला मी मुद्दाम सावकाश गेलो. आता गड्याची नोकरी पक्की, असं मी मनात म्हणालो.

साहेबानं पाटलोण झटकली. "लिहा. उमेदवारानं अधिकार नसताना लाल निशाण दाखवलं. नापास."

"पण इंजिन घसरलं असतं, साहेब!"

"लिहा."

आणि मी लिहिलं. 

"काय लिवलंत, मास्तर?" गड्यानं विचारलं. मी सांगितलं. तो मुंडासं परत गुंडाळीत म्हणाला, "म्हंजी मुंडासं पास झालं. मी नाय."

आठवड्याभरात तो मुंबईला गेला. सांधेवाला व्हायचा तो गिरणीत साच्यावर कापड विणणारा साचेवाला झाला.

साहेबाच्या खुर्चीची हकिगत वरपर्यंत गेली. कुणी कळवली ते विचारू नका. दोन वर्षांनी हुकूम आला, की परीक्षेतच बावटे द्यावेत. मी तडक ती गिरणी गाठली. साच्यांच्या खडखडाटात माणसं हातांनीच बोलत होती. मी घसा ताणून ओरडलो, "जागा आहे! येतोस का?"

तो काहीतरी बोलला. मला फक्त "आय" ऐकू आलं. ऐकू न येणाऱ्या त्या साहेबासारखीच माझी गत; मी कानामागे हात धरला. तो हसला आणि त्यानं पंजा आडवा हलवला.

सुटी झाल्यावर फाटकाबाहेर म्हणाला, "बा गेला मास्तर, पयल्याच पावसात. मी पोचलो नाय. बायकोला हितंच आनलीय. आता तिकडं कुनासाठी येऊ?"

मी परतलो, तेव्हा साहेबानं विचारलं, "मग? लायक माणूस मिळाला?"

"मिळाला होता," मी म्हणालो. "लिहू?"