अक्कांनी लग्न पुढे ढकललं

मेहरूणमधल्या आमच्या शेजारच्या अक्कांना हळू बोलणं जमतच नाही. भाजीवाल्याला हाक मारली तरी मेहरूण तलावाकाठचे लोक वळून बघतात.

गेल्या वर्षी तपासणीत कळलं, हृदयातून निघणारी त्यांची महाधमनी जन्मापासूनच डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळलेली आहे आणि तिथे फुगा आलाय. तो कधीही फुटेल, असं डॉक्टर म्हणाले.

अक्कांचे दीर म्हणाले, "वहिनी, पोरनं लगीन होई जाऊ द्या, मंग ऑपरेशन करूत."

"त्या फुगाले पत्रिका धाडी शे का तुम्हीन?" असं विचारून अक्कांनी लग्नच पुढे ढकललं.

छाती उघडून डॉक्टरांनी फुगलेला भाग काढला, कृत्रिम नळी जोडली.

नंतर त्यांच्या मुलीच्या मंगलाष्टकांना मी अक्कांसाठी खुर्ची नेली. "तूच बस," म्हणाल्या, आणि बरगड्यांवर हात दाबून शेवटची अक्षता पडेपर्यंत उभ्या राहिल्या.