आतोबांचे पाच चंद्र

आमच्या आतोबांनी आयुष्यात कुणावर म्हणून विश्वास टाकला नाही. आकाशातला चंद्रसुद्धा त्यातून सुटला नाही. आत्याचे हे यजमान मोजणी खात्यात होते. दाना ओली नावाच्या गल्लीतल्या घराला तीन कुलपं लावून निघायचे आणि वाटेतल्या फूलबागेपासून ती ओढून बघायला परत यायचे. आलेलं पाकीट कुणी वाफेवर उघडलंय का, हे उन्हात धरून तपासायचे. आत्या सांगायची, "अंतरपाट दूर झाला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे नाही, भटजींच्या घड्याळाकडे पाहिलं!"

संस्थान विलीन झालं तसा संशय आणखी वाढला. "उद्या आकाशाचीही फेररचना करतील," म्हणत त्यांनी स्वतःचा एक ग्रह कल्पिला, त्याला पाच चंद्र दिले आणि त्यांच्या कक्षा मांडायला घेतल्या. एकेका चंद्राची एकेक वही. "चौथ्याची चाल मला ठीक दिसत नाही," असं जेवताना हळू आवाजात सांगायचे, जणू चौथा भिंतीपलीकडेच राहतो.

मग संस्थानं जोडून केलेलं मध्यभारत राज्यही मोडलं. कचेऱ्या भोपाळला निघाल्या. कागद तपासायला इंदूरहून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला आतोबांच्या खणात या वह्या सापडल्या. पानोपानी आकडे, गावाचं नाव नाही.

"ये किस इलाक़े का नाप है?"

"इस दुनिया का नहीं," आतोबा म्हणाले.

वह्या जप्त झाल्या, चौकशी लागली. नोकरी जाते की काय, या काळजीनं आत्या झुरली. आतोबांना काळजी एकच, चंद्र चोरीला गेले.

तीन आठवड्यांनी अधिकारी स्वतः वह्या घेऊन दारात आला. तो गणिताचा एम.ए. निघाला. "चौकशी ख़त्म, साहब. मगर आपका तीसरा चाँद दूसरे को खींच रहा है. वो आपने जोड़ा नहीं."

आतोबांनी वह्या ओढून घेतल्या आणि दार लावलं. चार दिवस त्यात लबाडी शोधली. पाचव्या दिवशी कचेरीत जाऊन त्या अधिकाऱ्याला म्हणाले, "सही है."

त्यानंतर दर रविवारी दोघं मिळून दुसऱ्या चंद्राची वाट दुरुस्त करू लागले. आत्या आनंदानं पोहे करायची.

वर्षभरात त्या अधिकाऱ्याची भोपाळला बदली झाली. स्टेशनवर आतोबांनी पिशवीतून पाचव्या चंद्राची वही काढून त्याच्या हातात ठेवली. "इसे आप देखिए." नक्कल ठेवली नव्हती, हे मला आत्याकडून कळलं.

पुढे मी त्यांना चारच वह्यांवर वाकलेलं पाहायचो. एकदा न राहवून विचारलं, "आतोबा, पाचव्याचं काय झालं?"

"भोपाळला आहे," मान वर न करता ते म्हणाले. "नीट असेल."