माझ्या नावाच्या कादंबऱ्या

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी निपाणीत गळ्यात हार घालून बसलो होतो... सत्कार होता माझा, सात गाजलेल्या प्रेमकादंबऱ्यांचा लेखक म्हणून. तिला ताप होता, तरी गेलो. पाच आठवडे झाले, अजून स्वतःची लाज वाटते.

त्या सातही कादंबऱ्या आक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती शहापूरला आमच्याकडे परत आली आणि मागासाठी चाकावर सुताच्या कांड्या भरू लागली. हात सदा चाकावर, म्हणून ती सांगायची आणि मी, शाळामास्तर, सुवाच्य अक्षरात उतरून घ्यायचो. मी मध्येच आपली अक्कल पाजळली की चाक थांबायचं. "खोड ते. बायकोशी असं कोन बोलतंय रं?" जेमतेम दोन वर्षं संसार केलेली बाई! पण पुस्तक आलं की बेळगावात बघता बघता संपायचं.

विधवेनं प्रेमाचं लिहिलं म्हटल्यावर गल्लीनं तिला जगू दिलं नसतं, म्हणून नाव माझं, असं मी म्हणायचो. खरं सांगू? मला त्या नावाची चटक लागली होती. एकदा निपाणीची एक नवी सून घरी येऊन माझ्या पाया पडली. "बायकांच्या मनातलं तुम्हास्नी कसं वो कळतं?" आक्का तिच्यापुढं चहा ठेवत होती. ती गेल्यावर आक्का म्हणाली, "बापू, एका तरी पुस्तकावर माझं नाव घाल की रं." "घालतो की, पुढच्याला," मी म्हणालो. त्यानंतर दोन पुस्तकं निघाली. मग लढाईत कागद मिळेना, तेही एक निमित्त झालं.

तेरावं झाल्यावर प्रकाशकांकडे गेलो, सगळं सांगितलं आणि पुस्तकांवर तिचं नाव घाला म्हणालो. त्यांनी कपाटातली हस्तलिखितं माझ्यापुढं ठेवली. "मास्तर, अक्षर कुनाचं हे?" आक्काच्या हातची एक ओळ नाही, एक चिठ्ठीसुद्धा नाही! "बहीन गेल्याचं दुःख हाय, कळतंय आम्हास्नी," म्हणाले आणि पाठीवरून हात फिरवला. गल्लीतही तेच. बहिणीवर केवढी माया बघा मास्तरांची, म्हणतात. कपाळ माझं!

आठवी कादंबरी अर्धी राहिली आहे. तिच्या रिकाम्या पाटासमोर रोज दौत उघडून बसतो... काही म्हणता काही येत नाही. हा लेखसुद्धा चारदा फाडून लिहिला, तरी धड जमलेला नाही. वाचकहो, तुमच्याकडच्या पुस्तकांशी तो ताडून बघा. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.