सासूबाईंचं हळकुंड

माझं पहिलं बाळंतपण सासरी, झरीलाच झालं. माझी आई नव्हती, त्यामुळे माहेरी न्यायला कुणी आलं नाही. निजामाचं राज्य होतं तेव्हा. त्या दिवसांचं सलग असं काही आठवत नाही. ओवा-शेपांचा धूर, पाठीला शेगडीची ऊब आणि दाराच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप. तिच्यात धूर तरंगत राहायचा, आणि त्याच्यासोबत मीही.

दाराबाहेर मात्र माणसांची ये-जा असे. सासूबाई डाग द्यायच्या. हळकुंड गोड्या तेलात बुडवून विस्तवावर धरायचं, टोक लाल झालं की दुखऱ्या जागी टेकवायचं. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या लेकराची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट टणक झालेलं. पेडगावाकडून गाड्या यायच्या. लेकरं किंचाळली की ते माझ्या झोपेत शिरायचं, लांब कुठं मोर ओरडल्यासारखं. मग जळक्या हळदीचा वास.

बाळाची नाळ गळली, पण बेंबी सुकेना. आत डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल कोंब आला आणि दुपटं ओलं व्हायला लागलं. शेजारची म्हातारी बघून म्हणाली, "घरात डाग देणारी हाय आन् लेकरू असंच ठेवलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी हळकुंड तापवलं. मी बाळाला मांडीवर घेऊन डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. डोळे उघडले तर त्या हळकुंड हातात घेऊन तशाच उभ्या होत्या, आणि त्याचं टोक विझून काळं पडलं होतं.

"माझ्यानं व्हईना," त्या म्हणाल्या.

"काय झालं, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

"माझ्या पयल्या लेकीला मीच डागलं व्हतं. तिसऱ्या दिशी गेली. डागानं गेली का दुखण्यानं, मला आजून कळलं न्हाई."

अशी एक मुलगी होती, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. घरात कुणी तिचा विषयही काढत नसे. सासूबाईंनी हळकुंड खाली ठेवलं आणि त्यांच्या लेकाला हाक मारली, "गाडी जुप. परभणीच्या दवाखान्यात जायचं."

रस्ताभर ज्वारीवर धुकं होतं. बैलांची शिंगं तेवढी दिसायची, खाली बैल आहेत की नाहीत कळू नये असं.

दवाखान्यातला डॉक्टर उर्दू बोलणारा, तरणा होता. सासूबाई त्याला पुनःपुन्हा सांगत होत्या, "डागू नका बरं." त्यानं काचेच्या नळीतून पेन्सिलीएवढी पांढरी कांडी काढली, पाण्यात बुडवली आणि त्या लाल कोंबाला टेकवली. कोंब पांढरा पडला. बाळानं जांभई दिली.

"हे काय लावलं?" सासूबाईंनी विचारलं.

कंपाउंडर आपल्याकडचा होता. तो म्हणाला, "चांदीपासून केलेलं औषध हाय, आजी. ह्यो बी डागच. फकस्त विस्तू न्हाई."

सासूबाई पडवीत जाऊन बसल्या. पदर तोंडाला लावून त्या पुष्कळ वेळ रडल्या, आणि आम्ही कुणीच त्यांना उठवलं नाही.

परतताना गाडीत मी पेंगत होते. त्या त्यांच्या मुलीबद्दल बोलत होत्या. तिचे केस कुरळे होते. बांगड्यांचा आवाज आला की ती मान वळवायची. मधेच मला झोप लागायची, जाग यायची, आणि त्या बोलतच असायच्या.

आठवडाभरात बेंबी कोरडी झाली. मोठ्यांच्या कमरेला, गुडघ्याला सासूबाई पुढंही डाग देत राहिल्या. लोक ऐकतच नसत. पण तान्हं लेकरू आणलं की म्हणायच्या, "परभणीला न्या." काहीजण रागावून निघून जायचे. एकदा चारठाण्याहून आलेली एक बाई ओट्यावरच रडत बसली. तिला दवाखान्याचं लय भ्या वाटत होतं. सासूबाईंनी चुलीवरची भाकरी माझ्यावर सोपवली, हात धुतले आणि तिच्या गाडीत जाऊन बसल्या.