देवाजीची जागल

पासष्ट साली आमची सिग्नलची तुकडी सरहद्दीवरच्या एका टेकडीवर होती. मी नायक, बोरी अरबचा. सिग्नलमन देवाजी वणीकडचा, राजूरजवळच्या खेड्यातला. एका जिल्ह्याचे म्हणून त्याची जबाबदारी आपोआप माझ्यावर.

त्याची झोप आधीच उडाली होती. मग पुढच्या चौकीचा, म्हणजे 'चार्ली टू'चा, वायरलेस सेट सांभाळणारा लान्स नायक सदाशिव गोळाबारीत गेला, आणि देवाजी बंद सेटवर त्याच्याशी बोलू लागला. मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवलं.

पुढच्या हिवाळ्यात सुटीवर आलो, तेव्हा न कळवताच त्याच्या गावी गेलो. दारात त्याची आई होती.

"माय, कसा हाये देवाजी?"

"बेस हाये जी. झोपतच नाही, म्हून गावानं सारी जागल त्यालेच देली. यंदा एक डुक्कर ज्वारीत शिरलं नाही."

रानडुकरं हाकायला शेतात रात्र जागून काढायची, ती जागल. एरवी ती पाळीपाळीने करतात. ज्याला झोपेची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच गावाने कायमचं जागं बसवलं आणि वर कौतुक केलं. मी कपाळाला हात लावला.

भरदुपारीही तो मचाणावरच होता. शेत चिडीचूप, एक पाखरू नाही. डुकरं हाकायचा पत्र्याचा डबा त्याने कानाला लावला होता. मी मागून, चाहूल न देता गेलो.

"चार्ली टू, बोला. ओव्हर." तो थांबला. मान न वळवता म्हणाला, "नायकसाब, सदाशिव तुमालेच पुसून राह्यला. रिलीफचा गडी काहून नाही आला, म्हन्ते."

गोळाबारीत नव्हतो भ्यालो, इतका त्या डब्याला भ्यालो.

"उतर खाली. ऑर्डर हाये."

"माह्या जागी कोन?"

"मी हाओ ना."

मी खरोखरच वर चढलो. त्याने डबा माझ्या हातात दिला, खाली कडब्यावर आडवा झाला आणि झोपला. डब्यात काही ऐकू येत नव्हतं. तरी तो जागा होईपर्यंत मी डबा कानापासून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "स्किझोफ्रेनिया. यात पुष्कळदा झोप आधी जाते, आवाज मागून येतात. पण एकामुळे दुसरं होतं का, ते आम्हालाही सांगता येत नाही."

त्याला तिथेच ठेवून घेतलं. दोन वर्षांनी देवाजी तिथेच तापाने गेला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

युनिटच्या स्मारकावर सदाशिवचं नाव आहे. देवाजीचं नाही, कारण तो लढाईत गेला नाही. सलामीला उभा राहिलो की सदाशिवच्या नावाखालच्या कोऱ्या दगडाकडे पाहून मी हळूच म्हणतो, "झोप गड्या. मी जागा हाओ."